कठड्याजवळचं टेबल

सांगलीत नाट्यगृहासमोरच्या इमारतीच्या गच्चीवर बार आहे. तिथलं कठड्याजवळचं टेबल एक म्हातारा रोज संध्याकाळी धरून बसायचा. पुढ्यात लिंबूसोडा, नजर खाली नाट्यगृहाच्या दारावर. पलूसहून बाजाराला आलो की त्या टेबलासाठी मी मॅनेजरशी भांडायचो. मोक्याची जागा कुणी अडवलेली मला खपत नाही.

एकदा थेट त्यालाच म्हणालो, "आवं, नाटक बघायचं तर तिकीट काढा की!"

"लेक हाय आत. तालीम सुटंल आता. नाटकात गेली तवा म्हणलो, तुजं तोंड बघणार न्हाई."

"मग रोज काय बघताय?"

"हितनं तोंड कुठं दिसतंय? नुसतं डोस्कं दिसतं."

मी खदखदून हसलो. तेवढ्यात ती बाहेर आली आणि तो कठडा धरून अर्धवट उठला. 'खाली जा' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. थोरल्या भावाशी मी अजून बोलत नाही.

दिवाळीनंतर ते टेबल मला न भांडता मिळालं. म्हातारा गेला, मॅनेजर म्हणाला.

तालीम सुटली. ती दारात थांबली आणि रोजच्या सवयीनं तिनं मान वर करून थेट या कोपऱ्याकडं बघितलं.

मी खुर्ची मागं सरकवली आणि ती जागा मोकळी केली.