अर्धी प्रार्थना

गोराईत आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावून फिलूमावशी हातात जपमाळ घेऊन एकटीच रोझरी म्हणत बसायची. रोझरीत प्रत्येक मण्याला म्हणायच्या 'नमो मारिये' प्रार्थनेचा अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला बाकीच्यांनी. मावशी आपला अर्धा भाग म्हणायची आणि गप्प व्हायची. कोणी उत्तर देईल एवढा वेळ थांबून मग पुढचा मणी.

उरलेला भाग लग्नापासून पीटरकाका म्हणायचे. ते गेले, आणि गल्ली तर कधीच टीव्हीपुढे जाऊन बसली होती. मला राहवेना. एकदा मी शेजारी बसून उत्तर दिलं, तर तिने माझा हात धरला.

"नको गो. त्या मधल्या वेळात मी ऐकते."

"काय ऐकू येतं?"

"कुत्री. कुकरच्या शिट्या." ती हसली. "कधी कायच नाय. त्याची बी सवय झाली मना."

तिचा मुलगा मेल्विन मुलुंडला राहायचा. तिकडच्या एका प्रार्थनेच्या ग्रुपात रमल्यापासून त्याचं येणं कमी झालं, पण तिथल्या प्रचारकाची भाषणं तो रोज फोनवर पाठवायचा. एक तिने मला ऐकवलं. घरात विश्वास कमी पडला की माणूस दगावतो, औषध घेणं म्हणजे देवावर संशय, असं तो माणूस ओरडून सांगत होता. पाठोपाठ मेल्विनचा आवाज आला, "मम्मी, इन्सुलिन बंद कर ना. ग्रुपमध्ये येऊन साक्ष दे, देवाने बरं केलं म्हणून. मग मी तुला इकडेच आणतो, कायमची."

मेल्विनच्या मुलीच्या, आपल्या नातीच्या वेण्या घालायची मावशीला फार हौस होती. तो आठवडा ती क्रूसापाशी खूप उशिरापर्यंत बसली. हिने सुई बंद तर केली नाही ना, या धास्तीने मी येता-जाता तिच्या घरात डोकावायचे. शेवटी एका सकाळी ती बोटीच्या धक्क्यावर भेटली. बोरिवलीला इन्सुलिन आणायला निघाली होती.

"मेल्विनला काय सांगितलंस?"

"नाय म्हटलं." ती खाडीकडे बघत राहिली. "तो माणूस घाबरवतो, वर घाई करतो. येशूनं मना कधी घाई नाय केली. पोरगा माझाच हाय गो. पण तो आवाज त्याचा नव्हता."

मेल्विन रुसला तो रुसलाच. नाताळला मावशीने त्याच्यासाठी करंज्यांसारख्या नेवऱ्या केल्या आणि सणानंतर तो डबा तसाच माझ्या हातात दिला. मला रडू आलं.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती झोपेतच गेली. मातीला सगळी गल्ली लोटली. मेल्विनने प्रार्थना सुरू केली तेव्हा सगळ्यांनी खणखणीत उत्तर दिलं. एवढे आवाज इतकी वर्षं कुठे होते, या विचाराने माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी मी क्रूसापाशी मेणबत्ती लावली. मेल्विन येऊन शेजारी बसला. मी अर्धा भाग म्हणून थांबले. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तसा मी त्याचा हात धरला.

"नको. तुझी आई इथे ऐकत बसायची."

मग आम्ही दोघं ऐकत बसलो. कुत्री भुंकत होती, कोणाचा तरी कुकर वाजला. तिचा आवाज तेवढा नव्हता.