साडूंचा सोमवार

स्वतःची चूक सापडली की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीची माणसं चूक लपवतात, दुसऱ्याच्या माथी मारतात, गेलाबाजार वयावर ढकलतात. आमचे साडू तिला घरात घेतात, बसायला पाट देतात आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. माझ्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्यात, मुलाकडची मंडळी दारातून आत येत असताना, त्यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. मला वाटलं, जेवणाचं काहीतरी बिनसलं. तर म्हणाले, मागे कधीतरी मी तुम्हाला वैभववाडी स्टेशनाकडे जायचा जो रस्ता सांगितला होता तो लांबचा होता, परवा लक्षात आलं. मी त्यानंतर वैभववाडीला गेलोच नव्हतो. हे सांगूनही त्यांचं समाधान तसूभर कमी झालं नाही. मुलाचे वडील ताटकळत उभे होते, त्यांनाही त्यांनी तो जवळचा रस्ता समजावून दिला.

मी मालवणात औषधाचं दुकान चालवतो, आणि ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. वडील थकले तसे आचऱ्याला परत आले आणि माडांच्या बागेतल्या घरात, माडीवरच्या खोलीत बसून त्याच कंपनीचं काम करू लागले. हे पोटासाठी. जिवासाठी ते ब्लॉग लिहितात. सॉफ्टवेअर कसं लिहावं, कसं लिहू नये, आणि आपण स्वतः ते कसं लिहू नये तसं लिहून बसलो, हा त्याचा विषय. पुण्याला असल्यापासून लिहितात, आणि मराठीत लिहितात. इंग्रजीत लिहिलं असतं तर जगभर वाचलं गेलं असतं, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर म्हणाले, इंग्रजीत चूक कबूल करणं फार सोपं जातं, ती चूक वाटतच नाही. मराठीत ती चूकच दिसते. मी पूर्वी एक-दोन लेख वाचायचा प्रयत्न केला होता. क्रियापदं तेवढी कळली.

ब्लॉग सोमवारीच येतो. याला कारण आहे आणि ते शास्त्रीय नाही. त्यांच्याकडे सोमवारी मासे खात नाहीत. एरवी जेवणानंतर माणूस जो बांगड्याच्या तृप्तीने आडवा होतो तो सोमवारी होत नाही, जीव कुठे तरी रमवावा लागतो, मग ते लिहितात. श्रावणात अख्खा महिना घर शिवराक, मासळीचं नावही नाही, त्यामुळे श्रावणात लेखांचं पीक येतं आणि त्यांचा सूर जरा कडक असतो. श्रावण सरला, समुद्रावर होड्या गेल्या, की लेख पुन्हा मवाळ आणि आखूड होतात. पुण्यातल्या एका वाचकाने म्हणे लेखांच्या तारखा मांडून साडू काय खातात हे ओळखून दाखवलं होतं. साडूंनी तो तर्क ब्लॉगवर छापला आणि खाली लिहिलं की बरोबर आहे, फक्त एकादशी धरायची राहिली.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे जुनं काही पुसत नाहीत. जुना लेख चुकीचा निघाला तर दुसरा कोणी तो गुपचूप काढून टाकील. हे तो तसाच ठेवतात आणि त्याच्याखाली लिहितात, ‘हे चुकलं होतं,’ मग कसं चुकलं, तेव्हा आपण कोणत्या घमेंडीत होतो, आणि ते कोणी दाखवून दिलं. पुढे ती दुरुस्तीही चुकीची निघाली तर तिच्याखाली आणखी एक. काही लेखांना लेखापेक्षा दुरुस्त्या जास्त आहेत. कंपनीतल्या कोणीसं त्यांना सांगितलं, हे सगळं साफसूफ करून कामाचं तेवढं ठेवा, छान पुस्तक होईल. साडूंना ते बोलणं समजलंच नाही. चुकलेलं काढून टाकल्यावर कामाचं उरतं काय, असं ते मला खरोखरच विचारत होते.

त्यांचा जो लेख लोक अजून एकमेकांना पाठवतात तो दगडाचा. पुण्याहून आल्या आल्या त्यांनी बागेची व्यवस्था सुधारायला घेतली. माडांना पाणी जायच्या पाटात एका वळणावर एक बेढब दगड पडलेला होता, पाणी त्याला अडून वळसा घालून जायचं. साडूंनी तो अडथळा म्हणून उचलून बांधावर टाकला. पाणी सरळ धावलं आणि शेजाऱ्याच्या केळींत गेलं. इकडचे माड तहानलेले, तिकडच्या केळी माजलेल्या, आणि कारण काही सापडेना. शेवटी वडील काठी टेकत आले, वळणावर बघून म्हणाले, “दगड काढलंस तो काढलंस. पण कोणाक इचारलंस?” साडूंनी त्याच सोमवारी लिहून टाकलं की दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एखादी ओळ निरुपयोगी दिसली तर ती उडवण्याआधी ती कोणी आणि का ठेवली ते विचारावं. शेजाऱ्याच्या केळींचे घडही त्यात आले होते. शेजारी आजतागायत त्यांना पहिला घड पाठवतो, आणि यात टोमणा किती व कृतज्ञता किती हे कुणाला सांगता येत नाही.

या लेखापायी लोक घरी येऊ लागले. मालवणला समुद्रात बुड्या मारायला आलेली पुण्याची जोडपी वाट वाकडी करून आचऱ्याला यायची आणि मेव्हणीला विचारायची, दगड बघता येईल का. मेव्हणी आधी दगड दाखवी, मग सोलकढी देई. साडू त्यांचा लॅपटॉप उघडायला लावून व्हरांड्यात बसत आणि त्यांनी काय लिहिलंय ते बघत. आपलं कुठे चुकलं होतं ते सांगता सांगता त्यांचं कुठे चुकलंय ते अशा बेताने सांगत की पाहुण्यांना आपणच शोधल्यासारखं वाटे. मी एकदा हे पाहिलं आहे. औषधाच्या दुकानात मला ही कला कधी साधली नाही.

मग हळूहळू हे सगळं थांबलं. लेखांखाली पूर्वी प्रश्नांची झुंबड असायची, ती आटली. आता जो तो एआयच्या यंत्राला विचारतो, ते क्षणात उत्तर देतं, आणि मध्येच बांगड्यांवर घसरत नाही. साडूंना याचा रागही आला नाही. माझ्यापेक्षा बरं सांगतं ते, असं अगदी मनापासून म्हणाले, आणि ब्लॉग बंद करायचं मनात आहे म्हणाले. मी दुकानदार माणूस. गिऱ्हाईक नसलं की दुकान बंद करतात हे मला पटण्यासारखं होतं. पण आठवड्याने मेव्हणीचा फोन आला. आवाज खाली गेलेला. “भावजी, आठ दिस झाले, ह्येंनी सोताची एक पण चूक सांगल्यानी नाय. माका ह्या बरा दिसणा नाय.” मी दुकान नोकरावर सोपवून गेलो. माणूस खरोखर उतरला होता. जेवताना आमटी खारट लागली तर ते निमूट जेवले. एरवी मिठाची बरणी आपणच जागेवरून हलवली होती इथपासून त्यांनी सुरुवात केली असती.

बंद करावा की करू नये हे त्यांच्याने ठरेना. आमच्याकडे असं झालं की माणूस देवळात जातो. विहीर कुठे खणावी, स्थळ घ्यावं की सोडावं, सगळं ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा देवाचा कौल. साडू एरवी देवळात मागे उभे राहणारे. या वेळी ते पुढे गेले आणि मी त्यांच्या बाजूला. गुरवाने काय विचारायचं म्हटल्यावर साडूंनी सांगायला घेतलं, की जर वाचक असतील तर चालू ठेवावा, नसतील पण पुढे होण्याचा संभव असेल तर काही काळ थांबावं, आणि दोन्ही नसेल तर बंद करावा, मात्र जुने लेख राहू द्यावेत की नाही हा पोटप्रश्न. म्हातारा गुरव शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, देवाला असा फांद्याफांद्यांचा सवाल चालत नाही, एक काय ते विचार. साडू अगदी हळू आवाजात म्हणाले, “बंद करू?”

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू संगणकार कायतरी लिवता, ता बंद करूचा काय नाय ता तूच सांग. आजूबाजूला आपापले सवाल घेऊन आलेली माणसं, त्यांना यातलं अक्षर कळलं नसेल, पण रीतीप्रमाणे सगळ्यांनी एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हटलं. पाकळी चिकटली ती चिकटली. उजवी पडेना, डावी पडेना. मागे एक विहीर आणि दोन लग्नं खोळंबली. शेवटी गुरवाने ती पुसून काढली. “देव आज बोलणा नाय,” तो म्हणाला. “जेंच्यासाठी लिवतंस, तेंका इचारलंस?”

देवळाच्या पायऱ्या उतरताना मी साडूंकडे पाहिलं तर चेहरा उजळलेला. म्हणाले, माझं चुकलंच, प्रश्न चुकीच्या जागी विचारला. मला फार हायसं वाटलं.

त्या सोमवारी त्यांनी वाचकांना साधं विचारलं, की तुम्ही हे कशासाठी वाचता, आणि आता वाचत नसाल तर तसंही सांगा. उत्तरं आली. सगळे इतके दिवस गप्प बसून वाचत होते. त्या महिन्यात मी गेलो तेव्हा साडू ओटीवर बसून मला ती मोठ्याने वाचून दाखवत होते आणि मेव्हणी शेजारी आडाळीवर नारळ खवत होती. दोडामार्गचा एक मुलगा रोज बसने गोव्याला कामाला जातो. त्याने लिहिलं होतं की कंपनीत दिवसभर सगळेच बरोबर असतात, म्हणून जाताना एक चुकलेला माणूस वाचून जातो, बरं वाटतं. बेंगळुरूच्या एका बाईंच्या कचेरीत आता कानडी माणसंही जुनी ओळ उडवण्याआधी ‘दगड’ म्हणून हाक देतात. एकाला साडूंची निम्मी मतं मान्य नव्हती, पण त्यातलं कोणतं मत ते पुढे मागे घेतील हे त्याला आधीच कळायचं, आणि त्याची तो वाट बघायचा. परदेशातला एक जण सॉफ्टवेअरचं सगळं सोडून आंब्याला मोहर आला का तेवढं वाचत होता. साडूंनी ज्यावर वर्षभर घाम गाळला होता त्या डेटाबेसच्या लेखमालेचं नाव कोणीही काढलं नव्हतं. ते त्यांना जरा लागलं. तरी वाचत राहिले. उत्तरं संपेनात.

मेव्हणीचे हात मध्येच थांबले. संसारात इतकी वर्षं तिने माडीवरून टकटक ऐकली होती, चहा नेऊन ठेवला होता, पण काय चाललंय ते कधी विचारलं नव्हतं.

“इतकी माणसा आसत?” ती म्हणाली. “माका वाटलेला, तुमी एकटेच आपल्याशी बोलतास.”

साडूंनी चष्मा काढला.

“माका पण तसाच वाटलेला.”

मी त्या माणसाला इतकी वर्षं विक्षिप्त समजून हसत आलो, आणि आवडतोही तो मला, पण माडीवर तो इतका एकटा बसत असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मेव्हणी पुन्हा खवू लागली.

ब्लॉग चालू आहे. पुढचा लेख आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाईक नसताना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दुरुस्त्यांसकट, आणि खाली जन्मात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. ‘वाचलं’ एवढंच लिहिलं. कळलं असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.