सत्कारांच्या तावडीतली हलगी

माझ्या मित्राला कार्यक्रमाला नेणं सोपं होतं. शेवटपर्यंत बसवून ठेवणं अवघड होतं, आणि ते काम त्याच्या लेकीनं माझ्या गळ्यात घातलं होतं. पोरगी पुण्यात शिकते आणि एका बँडमध्ये हलगी वाजवते. गिटार, ड्रम आणि त्यांच्या जोडीला गोंधळ, भारूड, असा तो झणझणीत बँड अंबाजोगाईला कॉलेजच्या मैदानावर येणार होता.

"काका, माझी हलगी सगळ्यात शेवटी हाय," ती फोनवर म्हणाली. "बाबा मधीच उठतेत. तुमी काहीबी नाटक करा, पण त्यांना बसवा."

नाटक करायला मला सांगावं लागत नाही. आमच्या घाटनांदुरातले निम्मे लोक मला त्यासाठीच टाळतात.

मित्राचा हलगीवर राग नव्हता, अबोला होता. त्याच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि गावकीची हलगी कायमची खाली ठेवली. बोलावणं आलं की जायचं, मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालायचं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, तेही लांब बसायचं, हे त्यांनी संपवलं. पुढं त्या घरात पेटी आली, ढोलकी आली, जयंतीची गाणी आली, मित्राला बँकेत नोकरी लागली. हलगी तेवढी परत आली नाही. आता नातीनंच ती हातात घेतली होती. "आजोबानं सोडली, हिनं धरली. कावून?" एवढंच मित्र म्हणायचा, आणि उत्तराची वाट न बघता विषय बदलायचा.

"दोन गाणे ऐकायचे अन् निघायचं," स्कूटरवर मागं बसताना त्यानं बजावलं. मी मान डोलावली आणि सतरंजी त्याच्या मांडीवर ठेवली.

कार्यक्रम म्हटला की सतरंजी न्यायची आणि पुढची जागा धरायची, हे आमच्या हाडात आहे. आम्ही थेट स्टेजसमोर अंथरली आणि ऐटीत मांडी घातली. ड्रम सुरू झाला, सगळं मैदान उठून नाचायला लागलं, आणि आम्हाला नुसत्या जीनच्या पँटी दिसायला लागल्या. शेवटी आम्हीही उठलो. दुसऱ्या गाण्याला मित्राचा डावा पाय आपोआप हलत होता. मी बघतोय हे दिसलं, तसा त्यानं तो थांबवला.

"झाले दोन. चल बे."

मी तत्काळ सतरंजीवर कोसळलो. "पायात गोळा आला रे!"

अभिनय बरा झाला असावा, कारण शेजारच्या दोन पोरी धावत आल्या. दोघी मेडिकल कॉलेजच्या निघाल्या. "काका, कोणता पाय?" एकीनं विचारलं. मी घाबरून दोन्ही सांगितले. त्यांनी दोन्ही असे काही ओढले की मला खरंच उठता येईना. मित्र कपाळाला हात लावून शेजारी बसला. काम फत्ते.

पण आपल्या भागात निव्वळ गाणं कुठं असतं? साहेब उशिरा आले, आणि संयोजकांनी चालतं गाणं थांबवून सत्कार सुरू केले. साहेबांचा झाला, साहेबांसोबत आलेल्यांचा झाला, मंडपवाल्याचा झाला. गिटारवाल्या पोराच्या एवढ्या मोठ्या केसांवर फेटा बसेना, तर दोघांनी त्याचं डोकं दाबून धरलं. कुणीतरी नारळ कीबोर्डवर ठेवला, तर तो भोंग्यासारखा ओरडायला लागला. स्टेजच्या कडेला मित्राची लेक हलगी घेऊन उभी होती. दहाला आवाज बंद करायचा, हे तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. सत्कार करणाऱ्यांना तेवढं माहीत नव्हतं.

मी मित्राकडं पाहिलं. आता उठ म्हटलं असतं तरी तो उठला नसता. "आजून किती जण राह्यलेत बे?" तो दात खात म्हणाला. "ती कवाची उभी हाय!"

एवढ्यात माइकवरून घोषणा झाली, "कलावंत कन्येचे वडील आपल्यात उपस्थित आहेत, त्यांनी सत्कारासाठी वर यावं." ही चिठ्ठी वर कुणी धाडली असेल, त्याची चौकशी मी करू देणार नाही.

मित्र तरातरा वर गेला. फेटेवाला पुढं आला, तसा त्यानं त्याचा हात बाजूला केला आणि माइक ओढला. "फेटा राहू द्या. माझी पोरगी वाजवायला आली हाय. आधी तिला वाजवू द्या, मंग रातभर बांधा काय बांधायचं ते!"

मैदानात अशी शिट्टी उठली की साहेबच पहिले खाली बसले.

मग हलगी कडाडली. आधी एकटीच, मग ड्रम तिच्या मागं धावत आला आणि धापा टाकत मागंच राहिला. मी सतरंजीसकट नाचलो, पायांचं सोंग साफ विसरून. मित्र वरून खाली उतरलाच नाही. स्टेजच्या पायरीवर उभा राहून तो शेवटच्या ठोक्यापर्यंत लेकीच्या हातांकडं बघत राहिला.

आवाज बंद झाल्यावर ती त्याच्यासमोर आली. "बाबा, चिडलात का?"

"भूक लागली आसंल तुला," तो म्हणाला.

तिला वायरी गुंडाळायच्या होत्या. "धरा जरा," म्हणत तिनं हलगी त्याच्या हातात दिली. पहिल्यांदा तान्हं बाळ हातात आलेल्या माणसासारखी त्यानं ती धरली, ना जवळ, ना लांब. लोक बाहेर पडत होते. एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, "तुमीच वाजविली का?"

"न्हाई. पोरीनं वाजविली आमच्या."

म्हातारा गेला. त्याच्यामागून आलेल्यांनी काहीच विचारलं नव्हतं, पण मित्रानं हलगी थोडी वर उचलून त्यांनाही सांगितलं.