मल्लिनाथच्या फोटोचा हार

सिनेमावाल्यांना खरंखुरं घर हवं होतं. पुण्यात लाकूड नि रंग हवा तेवढा, पण धुरानं काळवंडलेली भिंत आणि झिजून गुळगुळीत झालेला उंबरा कुठं विकत मिळतो? म्हणून ते औशाच्या किल्ल्यामागं, उमादेवींच्या दोन खोल्यांत येऊन धडकले.

उमादेवींनी भाड्याचं काही काढलं नाही. त्यांची अट एकच होती. सहा वर्षांपूर्वी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि मल्लिनाथ पायात चपला सरकवून जो निघून गेला, तो परतलाच नाही. पोलीस झाले, नवस झाले. बाई रोज विभूती अन् कुंकू लावून वाट बघत राहिल्या.

"ह्यांचा फोटो सिनेमात दिसला पायजे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी वळखील. न्हाईतर ते सोताच बगतील, अन् याद येऊन घरी येतील."

सजावट बघणारा सुदर्शन हसला. "मावशी, फोटो तर सबंध सिनेमाभर दिसेल."

गडी खोटं बोलला नाही. पण गोष्ट कशाची आहे हे बाईंनी विचारलं नाही, आणि त्या शहाण्यानंही सांगितलं नाही. शूटिंगचे आठ दिवस त्या शेजारच्या सुमनबाईंकडे बसून होत्या. स्वतःच्याच घरात पाऊल टाकायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर सिनेमा मोबाइलवर आला. दोघी फोनला डोळे लावून बसल्या. तीच चूल, तोच उंबरा, आणि देवळीशेजारी मल्लिनाथचा फोटो, त्याला चंदनाचा हार. गोष्ट एका विधवेच्या घराची होती. सुमनबाईंनी घाईघाईनं फोन पालथा घातला. उमादेवींनी लगेच सुदर्शनला फोन लावला. त्यानं उचलला नाही.

महिनाभरानं माहूरच्या एका धर्मशाळेतून हरिओम नावाच्या माणसाचा फोन आला; नंबर त्यानं सिनेमावाल्यांकडून मिळवला होता. "तुमचे मालक चार सालांपासून हितं पाणी भरायचे. म्या सिनेमात वळखलं, अन् त्यांनाच दाखवला."

"मग? घरी येतेत का?"

"लई येळ बगत बसले, बाई. म्हणाले, घरच्यांनी मला हार घातला, आता कुणाकडं जाऊ? सकाळी उठून बगतो तर माणूस न्हाई. कुठं गेले, कुणालाच ठाव न्हाई."

"त्यो हार म्या न्हाई घातला."

"मग कुणी घातला, बाई?"

उमादेवींनी फोन ठेवून दिला. फोटो खुंटीवरून काढून, पदरानं पुसून, त्यांनीच सुदर्शनच्या हातात दिला होता.