बरी हाय, मॅडम

गेल्या वर्षी शिरूरच्या आमच्या कॉलेजात समुपदेशन करणाऱ्या मॅडम आल्या. एकेकीला आत बोलावून विचारायच्या, झोप लागते का, रडू येतं का, कशात मन लागतं का. मी मांडवगणात वाढलेली. आमच्याकडे पारावर, एसटीत, अगदी दवाखान्यातसुद्धा कुणी विचारलं की "बरं हाय, तुमचं कसंय?" एवढंच म्हणायचं असतं. मीही प्रत्येक प्रश्नाला 'बरं हाय'च म्हणाले. मॅडमनी मला पाच मिनिटांत मोकळं केलं.

माझ्या शेजारी बसणारी केंदूरची मैत्रीण मात्र खरं बोलली. तेव्हापासून दर बुधवारी तिला बोलावणं. तास बुडवून ती आत बसायची आणि हलकी होऊन बाहेर यायची. माझ्या पोटात दुखायचं. हिला चार दिवस झोप नाही, तर केवढं कौतुक! मी बारावीपासून उशीत तोंड खुपसून रडतेय, त्याचं काय? पुढे तिला बरं वाटू लागलं, ते तर मला बघवेना.

एका बुधवारी मी मुद्दाम तिच्यासोबत त्या दाराशी जाऊन उभी राहिले. रडून डोळे सुजलेलेच होते. मॅडम बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

"तू कशी आहेस गं?"

इतके दिवस मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

"बरी हाय, मॅडम," माझ्या तोंडून गेलं. "तुम्ही बऱ्या ना?"

मॅडम हसल्या, तिला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.