शाळेत आजी म्हणायचं नाही

शाळेच्या मावशी सव्वीस वर्षं घंटा देत आल्या होत्या. कुणाचा घोळणा फुटतो, कोण डबा न खाता परत नेतो, कोण शर्टाची बटणं चावतो, हे त्यांना हेडबाईंपेक्षा पक्कं ठाऊक. त्यांची नात पहिलीत आली त्या दिवशीच त्यांनी तिला बजावलं होतं, "शाळेत मी सगळ्यांची मावशी. आजी घरी." पोरगी आजीवरच गेलेली, हट्टी. दोन वर्षांत एकदाही चुकली नाही.

मग शहरावर बॉम्ब पडू लागले आणि मुलांना खेड्यांत हलवायचं ठरलं. आदेश काढणाऱ्या शहाण्यांनी एक नियमही काढला: सोबतीला नातेवाईक नकोत, ते स्वतः रडतात आणि बसभर पोरांना रडवतात. मावशींचा मुलगा आघाडीवर, सून काडतुसांच्या कारखान्यात. तिला तासाभराचीही रजा मिळेना. ती एवढंच म्हणाली, "आई, ती कुठल्या घरात झोपणार ते तुमच्या डोळ्यांनी बघून या. नाहीतर माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही." मावशींनी सोबतीच्या यादीत नाव घातलं, हेडबाईंनी काणाडोळा केला. नातीला पुन्हा ताकीद मिळाली, "आजी म्हणालीस तर बसवरचे साहेब मला वाटेतच उतरवतील."

सात तासांच्या प्रवासात बत्तीस पोरांनी मावशींच्या नाकी नऊ आणले. चौघं ओकली, दोघं भांडली, बटणवाल्याने वरची तीन बटणं संपवली. नातीलाही मळमळत होतं. तिने इतरांसारखाच हात वर केला आणि म्हणाली, "मावशी, पिशवी." मावशींनी पिशवी दिली आणि पुढच्या पोराकडे वळल्या. पाठीवरून हात फिरवायचा राहूनच गेला. ते त्यांना फार लागलं.

गावच्या शाळेत मुलांचं वाटप सुरू झालं. वाटपच म्हणायचं, दुसरं काय? लोक येत, मुलांना निरखत, साहेब यादीवर खूण करत. धडधाकट मुलगे आधी गेले, शेतात उपयोगी पडणारे. मावशी सुजलेल्या पायांनी भिंतीला टेकल्या होत्या, पण नजर नातीवर. एक बाई तिचे दंड चाचपू लागली, तेव्हा "हिला खोकला असतो हं बारमाही," अशी थाप मारून मावशींनी त्या बाईला वाटेला लावलं. अगदी शेवटी लोहाराची बायको आली. ती पोरीपुढे उकिडवी बसली.

"तुझं इथं कुणी आहे का गं?"

पोरीने मावशींकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"नाही. कुणीच नाही."

शिकवणी मावशींचीच होती. सामान पोचवायच्या निमित्ताने त्या लोहाराच्या घरी गेल्या. खाट दाबून पाहिली, पांघरूण हुंगलं, खिडकीची कडी लावून बघितली, विहिरीवर झाकण आहे याची खात्री केली. घर चांगलं होतं. सुनेला सांगण्यासारखं होतं. तेवढ्यात लांबून बसचा भोंगा वाजला.

फाटकापाशी पोरगी म्हणाली, "नीट जा, मावशी."

मावशी कशाबशा खाली वाकल्या. "अगं, आता म्हण की आजी. साहेब नाहीत इथं. आता कोण उतरवतंय मला?"

पोरीने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"तसं म्हटलं तर मला रडू येईल."

तिला उचलावं आणि तडक घरी न्यावं, असं मावशींना वाटलं. पण घराच्या मागच्याच गल्लीत परवा बॉम्ब पडला होता. त्यांनी तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आजी घरी."

आणि पाय ओढत बसकडे निघाल्या.