पालथी टोपली

मुरुडहून अलिबागला जाणारी सकाळची बस काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात कोळीवाड्याच्या थांब्यावर पालथ्या टोपलीसाठी थांबून राहिली. टोपली पालथी असली की तिची मालकीण होडीवर मासळी आणायला गेली आहे, गाडीने थांबायचे, हा तिथला रिवाज होता. ड्रायव्हर नवा होता. माणूस दिसेना म्हणून त्याने गिअर टाकला. "दादा, पुढच्या गाडीनं जाईपर्यंत बाजार उठंल, मग मासली कोन घेनार?" मागच्या बाकावरची कोळीण म्हणाली. अलिबागला माझी नोकरीची मुलाखत होती. मी एकदा घड्याळ बघत होतो, एकदा होड्यांकडची वाट. गाडीत सुकटीचा वास कोंडला होता. "या बायकांच्या तिकिटांवर ही फेरी चालते," कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला, "त्या टेम्पोनं जायला लागल्या तर शाळेच्या मास्तरांनाही गाडी राहणार नाही." ड्रायव्हरने गाडी बंद केली. पाणी गळणारी पाटी डोक्यावर घेऊन टोपलीची मालकीण धापा टाकत आली. "नवा हाय वाटतं," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "टोपली वाचता येत न्हाय." आम्ही पोचलो तेव्हा बाजार भरलेला होता, मुलाखतीला मला उशीर झाला. काल त्याच थांब्यावर टोपली पालथी होती. ड्रायव्हर दुसराच होता. त्याने इंजिन बंद केले.